पेग सोडा, ग्रॅम मोजा: दारू आणि लिव्हरचा हिशेब कसा ठेवायचा

दारूने लिव्हर खराब होतं, हे कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. पिणाऱ्याला तर नाहीच. दुसऱ्या पेगनंतर तोच ते सगळ्यांना सांगत असतो. अडतं ते पुढे. किती दारू म्हणजे जास्त? माझं लिव्हर आज कुठल्या टप्प्यावर आहे हे कळणार कसं? कुठल्या तपासण्या करायच्या आणि रिपोर्ट वाचायचा कसा? आणि सोडायचं ठरलं तर उद्या सकाळपासून बंद केली तर चालेल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काही जणांसाठी ठाम ‘नाही’ असं आहे, आणि ते माहीत नसल्याने माणसं दगावतात. हा लेख पिणाऱ्यासाठी आहे आणि त्याच्या घरच्यांसाठीही.

वाचण्याआधी एक तपासा

खालीलपैकी काही दिसत असेल तर लेख बाजूला ठेवा आणि रुग्णाला आजच रुग्णालयात न्या: रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, डोळे पिवळे होऊन सोबत ताप किंवा पोटफुगी, बडबड, दिवसा झोप आणि रात्री जाग, ओळखीच्या माणसाचं नाव न आठवणं, फिट येणं. हातभट्टीची किंवा संशयास्पद दारू प्यायल्यावर धूसर दिसायला लागलं तर ती मिथेनॉलची (भेसळीच्या दारूतल्या विषारी अल्कोहोलची) बाधा समजायची. ही लक्षणं बरेचदा १२ ते २४ तासांनी येतात, तोवर माणूस ‘उतरली’ म्हणून निर्धास्त झालेला असतो. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत याच विषाने किती घरं उद्ध्वस्त केली ते मुंबईने पाहिलं आहे.

पहिली पायरी: आठवड्याचा हिशेब ग्रॅममध्ये

‘किती घेता?’ या प्रश्नावर दवाखान्यात येणारं उत्तर ठरलेलं असतं: ‘तसं काही नाही, कधीतरी दोन पेग.’ पेग हे माप नाही. बारमधला स्मॉल ३० मिलीचा, लार्ज ६० मिलीचा; घरी स्टीलच्या पेल्यात ओतलेला अंदाजपंचे ९० मिलीचा. लिव्हरला ब्रँड, रंग, किंमत यातलं काही कळत नाही. त्याच्याकडे पोचतं ते शुद्ध अल्कोहोल, आणि ते ग्रॅममध्ये मोजता येतं.

सूत्र सोपं आहे: मिली गुणिले लेबलवरचे टक्के गुणिले ०.८, भागिले १००.

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के छापलेलं असतं. त्या हिशेबाने ६० मिलीचा लार्ज म्हणजे साधारण २० ग्रॅम, नाइन्टी म्हणजे ३०, क्वार्टर (१८० मिली) म्हणजे ६१ आणि ७५० मिलीचा खंबा म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या वर. बिअरची ६५० मिलीची बाटली ५ टक्क्यांची असेल तर २६ ग्रॅम, पण ८ टक्क्यांची स्ट्रॉंग असेल तर ४१च्या वर. म्हणजे स्ट्रॉंग बिअरची एक बाटली दोन लार्जच्या बरोबरीची, आणि ‘मी दारू पीत नाही, फक्त बिअर’ हे वाक्य तिथेच निकालात निघतं. वाईनचा १५० मिलीचा ग्लास १२-१३ टक्क्यांनी १५ ग्रॅमवर जातो. गोव्यातली फेणी व्हिस्कीच्या तोडीची, तर उन्हाळ्यातला उर्राक १५ टक्क्यांच्या आसपास. लिंबू-सोड्याबरोबर तो सरबतासारखा उतरतो, म्हणून हिशेब चुकतो. माडीला लेबलच नसतं आणि ती जसजशी आंबते तसा तिचा जोर वाढतो.

आता एक आठवडा मांडून बघू. सोमवार ते शुक्रवार जेवणाआधी एक लार्ज: १०० ग्रॅम. शनिवारी मित्रांबरोबर क्वार्टर: ६१. रविवारी दुपारी मटणासोबत एक स्ट्रॉंग बिअर: ४१. एकूण २०२ ग्रॅम. हा माणूस कामावर वेळेवर जातो, घरी भांडत नाही, कुणाच्या लेखी बेवडा नाही. पण ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०१६ साली घालून दिलेली आठवड्याची मर्यादा, स्त्री-पुरुष दोघांसाठी, ११२ ग्रॅमची आहे. आणि २०२३ साली यकृततज्ज्ञांनी फॅटी लिव्हरची (लिव्हरमध्ये चरबी साठण्याच्या आजाराची) नवी वर्गवारी केली, तिच्यात पुरुषाने आठवड्याला २१० ग्रॅम आणि स्त्रीने १४० ग्रॅम ओलांडले की दारूला आजाराच्या कारणांत धरतात. आपला साधासुधा माणूस त्या दाराशी उभा आहे; एखादं लग्न किंवा गटारी आली की आत.

११२ ग्रॅम हा आकडा ‘इथपर्यंत सुरक्षित’ असा वाचू नये. तो धोका कमी ठेवण्याचा आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला पूर्ण निर्धोक असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. (आपल्या राज्यात दारूचा परवाना मिळतो तो मात्र ‘प्रकृती राखण्यासाठी’. १९४९च्या दारूबंदी कायद्याचा हा विनोद अजून चालू आहे.)

दोन आठवडे मोबाईलमध्ये रोजचा आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेला आकडा हमखास कमी भरतो, म्हणून ओततानाच लिहा. घरी पीत असाल तर औषधाच्या मापाने एकदा तुमचा नेहमीचा पेग मोजून बघा.

बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, आणि जठरातच थोडी दारू मोडणारं एन्झाइमही कमी. त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातली पातळी जास्त चढते आणि लिव्हरचं नुकसान लवकर होतं. पोटाचा घेर वाढलेला, मधुमेह, हिपॅटायटिस बी किंवा सी, घरात कुणाला सिरॉसिस (वणांनी गाठीगाठींचं झालेलं लिव्हर): यातलं काही असेल तर वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीतच असं धरून चाला.

आत नेमकं काय घडतं

सव्वा-दीड किलोचं लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडतं. म्हणजे एक क्वार्टर निस्तरायला सहा ते आठ तास, कधी त्याहून जास्त. रात्री बाराला बैठक उठली तर सकाळी सातला गाडी चालवताना रक्तात दारू असू शकते. गार पाण्याने आंघोळ, काळी कॉफी, लिंबूपाणी यांनी डोळे उघडतात, वेग वाढत नाही. पोटभर चखणा खाल्ला तर दारू हळू चढते. पण लिव्हरकडे जाणारे ग्रॅम तेवढेच राहतात, वर तेल-मीठ अधिक. पिण्याआधी चमचाभर तूप घेतलं की लिव्हर वाचतं, ही समजूत तर निव्वळ बारमधली आहे.

अल्कोहोल मोडताना आधी ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. ते अल्कोहोलपेक्षा विषारी. त्याचं पुढे ॲसिटेट होतं आणि ते शरीर वापरून टाकतं. पण या कामात लिव्हर इतकं गुंततं की चरबी जाळण्याचं त्याचं नेहमीचं काम मागे पडतं आणि नवी चरबी साठत जाते. रोज भरपूर पिणाऱ्या दहांतल्या नऊ जणांच्या लिव्हरमध्ये चरबी सापडते. दुसरीकडे दारूने आतड्याचं अस्तर सैल होतं, तिथल्या जंतूंची विषं रक्तातून थेट लिव्हरमध्ये येतात आणि तिथल्या रक्षक पेशी भडकतात. ही सूज म्हणजे हिपॅटायटिस. सूज वारंवार येत राहिली की वण धरतात, वणांचं जाळं होतं, त्याला फायब्रोसिस म्हणतात. जाळ्याने सगळं लिव्हर गाठीगाठींचं झालं की तो सिरॉसिस.

अनेक वर्षं जोरात पिणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्के लोकांना सिरॉसिस होतो. म्हणूनच प्रत्येक गावात ‘आमचे आजोबा रोज प्यायचे, ऐंशी वर्षं जगले’ हा दाखला मिळतो. दाखला खरा असतो. त्या आजोबांबरोबर बसणारे आणि पंचेचाळिशीत गेलेले मात्र कुणी मोजत नाही.

या सगळ्यात दुखत काही नाही. लिव्हरच्या आतल्या भागाला वेदनेची जाणीव नसते. फॅटी लिव्हरला लक्षण नसतं, फायब्रोसिसला नसतं, सिरॉसिसच्या सुरुवातीच्या काळातही नसतं. ‘मला काही होत नाही’ ही भावना प्रामाणिक असते, फक्त ती पुरावा म्हणून चालत नाही.

दुसरी पायरी: चार प्रश्न

हे प्रश्न डॉक्टर जगभर वापरतात. एकट्याने, मनात उत्तरं द्या.

दारू कमी करायला हवी असं कधी वाटलं आहे का? तुमच्या पिण्यावर कुणी बोललं तर चीड आली आहे का? पिण्याबद्दल अपराधी वाटलं आहे का? सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर व्हावेत किंवा डोकं उतरावं म्हणून उतारा घेतला आहे का?

दोन ‘हो’ असतील तर प्रकरण सवयीच्या पुढे गेलं आहे. चौथ्या प्रश्नाचं एकटं ‘हो’ असलं तरी पुढची ‘बंद कशी करायची’ ही पायरी नीट वाचा, कारण तुमचं शरीर दारूवर अवलंबून आहे.

तिसरी पायरी: तपासण्या, आणि रिपोर्ट वाचण्याची रीत

सुरुवातीला तीनच गोष्टी पुरतात: लिव्हर फंक्शन टेस्ट म्हणजे एलएफटी (त्यात जीजीटी हे एन्झाइम आहे का ते विचारून घ्या), सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि पोटाची सोनोग्राफी. सोबत एकदा हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या. बी निगेटिव्ह आला तर त्याची लस घ्या.

एसजीओटी आणि एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात येणारी दोन एन्झाइम्स, हे दोन आकडे सगळ्यांना ठाऊक असतात. दोन्हींची वरची मर्यादा ढोबळमानाने ४० धरतात. नुसत्या चरबीच्या किंवा व्हायरसच्या आजारात बहुधा एसजीपीटी जास्त असतं. दारूच्या आजारात उलट: एसजीओटी जास्त, बरेचदा दुपटीहून अधिक, आणि तरीही दोन्ही आकडे सहसा ३००-४००च्या आत. एसजीओटी ११२ आणि एसजीपीटी ४९ असा रिपोर्ट पाहिला की डॉक्टर वर बघून पुन्हा विचारतात, ‘नक्की किती घेता?’ आकडे हजारांत असतील तर दारूबरोबर दुसरं कारण शोधावं लागतं, व्हायरसची कावीळ किंवा एखादं औषध.

जीजीटी वाढलेलं असेल आणि सीबीसीमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १००च्या वर गेलेला असेल तर दोन्ही मिळून दारूकडे बोट दाखवतात. दारू थांबवल्यावर जीजीटी काही आठवड्यांत खाली येतं, एमसीव्हीला दोन-चार महिने लागतात.

आता सगळ्यात मोठी गफलत. ‘एलएफटी नॉर्मल आलं’ म्हणून पार्टी देणारी माणसं असतात. एसजीओटी-एसजीपीटी हे पेशी आज किती फुटताहेत ते सांगतात. लिव्हर किती शिल्लक आहे ते सांगत नाहीत. सिरॉसिस झालेल्या माणसाचे हे दोन्ही आकडे नॉर्मल असू शकतात. लिव्हरची कुवत बघायची तर तीन ठिकाणी बघा: अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन; ३.५च्या खाली जातंय का), आयएनआर (रक्त गोठण्याची वेगळी तपासणी; वाढलाय का) आणि बिलिरुबिन (काविळीत वाढणारा पिवळा पदार्थ). चौथं ठिकाण सीबीसीमध्ये लपलेलं असतं, प्लेटलेट. डेंग्यूखेरीज कुणी प्लेटलेटकडे बघत नाही, पण पिणाऱ्या माणसाच्या प्लेटलेट महिनोन्महिने दीड लाखाच्या खाली असतील तर लिव्हर कडक होऊन प्लीहा वाढलेली असण्याची शक्यता असते.

हे सगळं एका आकड्यात बसवणारं फिब-४ नावाचं गणित आहे. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). समजा वय ४६, एसजीओटी ११२, एसजीपीटी ४९, प्लेटलेट एक लाख तीस हजार. ४६ गुणिले ११२ म्हणजे ५१५२. १३० गुणिले ७ म्हणजे ९१०. उत्तर ५.७. हा आकडा १.३च्या खाली असेल तर मोठ्या फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७च्या वर असेल तर बरीच. वरच्या माणसाने फॅमिली डॉक्टरवर न थांबता पोटविकार किंवा लिव्हरच्या तज्ज्ञाकडे जायला हवं. पस्तिशीच्या आतल्यांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना हे गणित तितकंसं लागू पडत नाही.

सोनोग्राफीत ग्रेड १, २, ३ असं लिहितात. ते ग्रेड चरबीचे आहेत, वणांचे नाहीत. ग्रेड १ म्हणजे पहिला टप्पा, ग्रेड ३ म्हणजे शेवटचा, असा अर्थ लावू नका. वण किती हे बघायला फायब्रोस्कॅन लागतो. त्यात लिव्हरचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात; ७च्या आत असेल तर ठीक, १२च्या पुढे गेला तर सिरॉसिसचा संशय. जाताना तीन तास काही खाऊ नका. आणि आठवडाभर दणकून पिऊन फायब्रोस्कॅन केला तर सुजेमुळे आकडा फुगून येतो. दारू थांबवून काही आठवड्यांनी केला तर खरं चित्र दिसतं.

चौथी पायरी: कमी करायची की बंद?

चारपैकी शून्य किंवा एक ‘हो’ (तेही उताऱ्याचं नव्हे), तपासण्या ठीक, आठवड्याचे ग्रॅम मर्यादेच्या आगेमागे: तुम्ही कमी करून बघू शकता. आठवड्यातले तीन-चार दिवस पूर्ण कोरडे ठेवा आणि उरलेल्या दिवसांत ते भरून काढू नका. पाच दिवसांचे ग्रॅम शनिवारी एकदम घेतले तर लिव्हरला त्यात काही सवलत मिळत नाही.

फॅटी लिव्हर निघालं असेल तर पूर्ण बंद. आपल्याकडे श्रावण पाळण्याची रीत आहे ती इथे कामाची. फक्त दारूने साचलेली चरबी चार-सहा आठवडे दारू न घेतल्यास बऱ्यापैकी उतरू शकते. श्रावणाच्या सुरुवातीला एक एलएफटी आणि गणपतीआधी एक अशी जोडी करून बघा; बरेच जण स्वतःचेच दोन कागद शेजारी ठेवून गप्प होतात. मात्र श्रावणाआधी गटारीला चार दिवसांची बेगमी आणि चतुर्थी उलटल्यावर वसुली, असा हिशेब असेल तर वर्षाचे एकूण ग्रॅम मांडा. आणखी एक गोष्ट: श्रावण पाळता येतो म्हणजे व्यसन नाही, हे खरं नाही. अवलंबून असलेली माणसंही महिनाभर दात-ओठ खाऊन थांबतात. सुटली की पुन्हा तेवढीच सुरू होते का, ते बघा.

फायब्रोसिस, सिरॉसिस, कावीळ होऊन गेलेली: थेंबही नको. वाईनचा नाही, खोकल्याच्या औषधातला शक्यतो नाही, आसव-अरिष्टांमधलाही नाही. आसव-अरिष्टं आंबवून करतात आणि त्यात अल्कोहोल असतं.

पाचवी पायरी: बंद कशी करायची

रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त पिणाऱ्याने, किंवा सकाळी उतारा लागणाऱ्याने, देवाची शपथ घेऊन एका दिवसात दारू तोडणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, धडधड, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत डिलिरियम: माणसाला भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप येतो, भान सुटतं. घरचे याला ‘बाहेरचं’ समजून देवऋष्याकडे नेतात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे आणि उपचार न झाल्यास जीव जातो.

म्हणून आधी डॉक्टर, मग तारीख. सरकारी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जा. तिथे काही दिवस भरती करून थरथर-फिट रोखणारी औषधं देतात आणि हळूहळू कमी करतात. लिव्हर खराब असेल तर ते आधीच सांगा, कारण नेहमी वापरतात त्यातली काही औषधं अशा लिव्हरमध्ये साचून राहतात आणि वेगळी निवडावी लागतात. पुढे तलफ कमी ठेवणारी औषधंही असतात. सिरॉसिस असलेल्यांना बॅक्लोफेन देता येतं. पण ही दुकानातून आणून स्वतः सुरू करण्याची औषधं नव्हेत.

घरच्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट बी१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये ते आटलेलं असतं. अशा माणसाला अशक्तपणा म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गल्लीतल्या दवाखान्यात बाटली लावली जात असेल तर ‘डॉक्टर, पेशंट रोज पितो, आधी बी१ द्याल ना?’ एवढं विचारायला लाजू नका.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात. चहात, भाजीत मिसळायची पावडर. अशा काही पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. ते औषध ॲसिटाल्डिहाइड पुढे मोडू देत नाही. वर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय कमकुवत असेल तर माणूस मरू शकतो. लिव्हरच्या रुग्णाला ते मुळात द्यायचंच नसतं. बायका हे वैतागून, दुसरा उपायच न उरल्याने करतात, हे समजतं. तरीही करू नका.

फोन करायचा असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांच्या, सभा मराठीतही होतात, फी नसते, आडनाव कुणी विचारत नाही. घरच्यांसाठी अल-ॲनॉनचे गट वेगळे आहेत. त्यात बायको-आईने जावं, पिणारा तयार असो वा नसो.

पुन्हा प्यायला तर? बहुतेक जण एकदा तरी पितात. त्या दिवशी घरात पंचायत भरवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करणं जास्त उपयोगी.

जेवण, गोळ्या आणि ‘लिव्हर साफ’ करणाऱ्या बाटल्या

लिव्हर टॉनिकने दारूचं नुकसान भरून निघतं याला भक्कम पुरावा नाही. बाटली आणि टॉनिक दोन्ही चालू ठेवणं म्हणजे पैसे दोन दुकानांत वाटणं. गुळवेलीचा काढा कोविडच्या काळात घराघरांत गेला; २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी त्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद चालू दे, आधीच दुखावलेल्या लिव्हरवर मात्र तो प्रयोग नको.

डोकं दुखलं तर? रोज पिणाऱ्याच्या शरीरात पॅरासिटामॉलचं विषारी रूप जास्त तयार होतं. दिवसाला २ ग्रॅमच्या, म्हणजे ५००च्या चार गोळ्यांच्या, पुढे जाऊ नका. सिरॉसिस असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक पूर्ण टाळा. त्यांनी रक्तस्राव होतो आणि किडनी बसते. अंगदुखीच्या जोडगोळ्यांत ती मिसळलेली असतात, मागचं लेबल वाचा. टीबीचा कोर्स चालू असेल तर दारू बंदच, त्यातली तीन मुख्य औषधं लिव्हरवरच ताण टाकतात.

कावीळ झाली की उसाचा रस, ताक-भात आणि गळ्यात माळ, हे अजून चालतं. हात चुन्याच्या पाण्यात धुवून पिवळं उतरवून दाखवणाऱ्याकडे गेलेले आठवडे फार महाग पडतात. दारूच्या तीव्र हिपॅटायटिसमध्ये महिन्याभरात पाचातला एक रुग्ण दगावू शकतो, आणि ठरावीक रुग्णांना स्टिरॉइडचा उपयोग होतो तो वेळेत दिलं तरच.

सिरॉसिस निघाला असेल तर

वण धरलेल्या लिव्हरमधून रक्त सहज पुढे जात नाही. लक्ष्मी रोड तुंबला की दुचाक्या जशा पेठांच्या बोळांत घुसतात, तसं ते अन्ननलिकेच्या बारीक शिरांमधून वाट काढतं. त्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. तीच रक्ताची उलटी. म्हणून सिरॉसिस कळल्यावर एंडोस्कोपी करून शिरा बघतात, गरजेप्रमाणे त्यांना बँड लावतात किंवा दाब कमी करणाऱ्या गोळ्या देतात.

दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी, लिव्हरच्या कॅन्सरसाठी. चुकवू नका, लहान असताना सापडला तर इलाज असतो.

पोटात पाणी होत असेल तर मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, सुकट, फरसाण सगळं आलं. पण प्रोटीन तोडू नका. ‘लिव्हरचा पेशंट, हलकं खायला द्या’ म्हणून घरचे आठवडे-महिने पेज देतात आणि दंड-मांड्यांचे स्नायू झडून जातात. वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं: ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळ, उसळी, दूध, पनीर, अंडी, मासे यांतून ते जमवा. झोपण्याआधी काहीतरी खायला द्या, दूध-पोळी किंवा लाडू. रात्रभराच्या उपाशीपोटी हे शरीर स्नायू खातं. कोकणातल्यांसाठी खास: कालवं, तिसऱ्या पूर्ण शिजवूनच. त्यातल्या एका जंतूने धडधाकट माणसाचं पोट बिघडतं, सिरॉसिसच्या रुग्णाच्या रक्तात तो जीवघेणा पसरतो.

पोट रोज साफ हवं, दोन-तीनदा मऊ शौच. तुंबलं की अमोनिया मेंदूवर चढतो आणि माणूस बरळतो. डॉक्टरांनी लॅक्टुलोज दिलं असेल तर ते याचसाठी. जुलाब होतात म्हणून परस्पर बंद करू नका. झोपेच्या गोळ्या नकोत.

इतकं होऊनही दारू थांबवल्यावर काही जणांचं पोटातलं पाणी ओसरतं, कावीळ उतरते आणि औषधं कमी होतात. किती सुधारणार हे पहिल्या तीन महिन्यांत बरंचसं दिसतं. तरीही लिव्हर सावरलं नाही तर प्रत्यारोपणाचा विचार होतो. मृत दात्याच्या लिव्हरसाठी रुग्णालयामार्फत झेडटीसीसीच्या (अवयव प्रत्यारोपणाच्या विभागीय समन्वय केंद्राच्या) यादीत नाव लागतं. तिची केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. प्रत्यारोपण करणारी बहुतेक रुग्णालयं आधी सहा महिने दारूमुक्त राहिल्याची खात्री मागतात, फार गंभीर रुग्णांबाबत काही ठिकाणी अपवाद करतात. यादी लांब असल्याने बरेचदा घरातल्याच कुणाच्या तरी लिव्हरचा भाग घ्यावा लागतो. तेव्हा भाऊ, मुलगा, मेव्हणा सगळे तपासणीला उभे राहतात, आणि त्यातल्या एक-दोघांना डॉक्टर परत पाठवतात: तुमच्याच लिव्हरमध्ये चरबी जास्त आहे, आधी तुमची दारू थांबवा, वजन उतरवा, मग बघू.